पेटवण्याचा दिवस धरत नाहीत

सोमवारी सकाळी भट्टी पेटवली आणि दुपारी सुनेला रक्त दिसलं. ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

सांगायला सवड तरी कुठे होती? कोळशाची भट्टी पेटवायची म्हणजे घरातल्या तिघांनाही पाठ टेकायची सोय नसते. वीस दिवस खपून रचलेला लाकडांचा ढीग, माणसाच्या दीडपट उंच. त्यावर पाल्याचा थर, पाल्यावर ओल्या मातीचा लेप, आणि अगदी वर एक उघडं तोंड. त्या तोंडातून विस्तव आत सोडायचा. लाकूड पेटलं पाहिजे, पण जळता कामा नये. हवा जास्त गेली तर हाती राख येते आणि कमी गेली तर लाकूड कच्चं राहतं. नवरा वर तोंडाशी, सासू खाली हवेच्या भोकांशी आणि सून मातीच्या घमेल्यांशी, अशी त्यांची वाटणी ठरलेली होती. त्यातलं एक माणूस कमी झालं की उरलेल्या दोघांचे हाल कुत्रा खात नसे.

सुनेला सासू घाईबाई म्हणायची. चहाला उकळी यायच्या आत ती भांडं उतरवायची, समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर द्यायची, आणि बसली तरी एक पाय हलवत बसायची. नवऱ्याला सगळे भुंगा म्हणत. एक तर तो काळा, आणि काम करताना सारखं काहीतरी गुणगुणायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सुनेला दिवस गेले तेव्हा भुंगा दोन दिवस इतक्या मोठ्याने गुणगुणला की सासूने त्याला जंगलात लाकडं आणायला पिटाळलं.

तीन आठवड्यांपूर्वी गावातल्या उपकेंद्रात सिस्टरने सुनेचं रक्त तपासलं होतं. सुई टोचायच्या आधी बोट पुसायला घेतलं तर कापूस काळा झाला. दुसरा घेतला, तोही काळा. तिसऱ्या कापसाला रांगेतल्या बायका हसायला लागल्या. सून मेल्याहून मेल्यासारखी झाली. सिस्टर मात्र हसली नाही. तिने कार्डावर लाल शाईने काहीतरी लिहिलं आणि सुनेला जवळ बसवलं.

"तुझं रक्त निगेटिव्ह आहे. हा आजार नाही, घाबरू नकोस. बहुतेकांच्या रक्तात एक खूण असते, ती तुझ्यात नाही, एवढंच. पण बाळात बापाची खूण उतरली आणि बाळाचं रक्त तुझ्या रक्तात मिसळलं, तर तुझं रक्त त्या खुणेशी दावा धरतं. या बाळाला सहसा काही होत नाही, पुढच्याला होतं. म्हणून थोडं जरी रक्त दिसलं तरी यायचं. तीन दिवसांच्या आत इंजेक्शन मिळालं पाहिजे."

सुनेने घरी येऊन जेवढं लक्षात राहिलं तेवढं सांगितलं. सासूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघ बाई, लग्नाच्या वेळी सगळं तपासलं, दात मोजायचे तेवढे राहिले होते. रक्त उलटं आहे हे कुणाला ठाऊक!" भुंगा हसला. सूनही हसली, पण ते तिला लागलं.

तर आता सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास, झाडामागे गेली असताना तिला रक्त दिसलं. फार नव्हतं. तिने कपडा बदलला, घमेलं डोक्यावर घेतलं आणि परत कामाला लागली. थांबेल, तिने स्वतःला सांगितलं. बायकांना होतं असं कधी कधी. आत्ता सांगितलं तर सासू आडवं करील, भट्टीला माती कमी पडेल, आणि एकदा तोंडातून शब्द निघाला की ते खरं होऊन बसेल. खरी भीती तिला या शेवटच्या गोष्टीची होती.

ते थांबलं नाही. मंगळवारी सकाळी पोटात पिळवटून आलं आणि घरामागच्या पत्र्याच्या मोरीत सगळं गेलं. तिने भिंतीला डोकं टेकलं आणि ओठ दाबून रडली. सासूला आवाज गेलाच. ती आली, तिने पाहिलं, आणि पाणी तापवायला ठेवलं.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"आणि काल तू पन्नास घमेली वाहिलीस?"

सासूने तिला धुतलं, कोरडं केलं, खाटेवर निजवलं आणि तिच्या पायांवर घोंगडी टाकली. भुंगा दारात येऊन उभा राहिला. हातात फावडं तसंच होतं. "दुखतंय का?" एवढंच त्याने विचारलं, आणि भट्टीकडून काहीतरी ढासळल्याचा आवाज आला तसा तो पळत गेला.

संध्याकाळी भट्टीचं तोंड लिंपून झालं. जेवताना इंजेक्शनचा विषय सुनेनेच काढला.

"तीन दिवसांच्या आत म्हणाली होती सिस्टर."

भुंग्याने बोटं मोजली. "शुक्रवारी व्यापाऱ्याचा टेम्पो येतो. त्याच्याबरोबर शहरात जाऊ. शुक्रवारी बरोबर तीन दिवस होतात."

ते कसे, हे कुणी विचारलं नाही, कारण या घरात दिवस तसेच मोजतात. भट्टीचा पेटवण्याचा दिवस धरत नाहीत. तोंड उघडं असतं, धूर वाटेल तिकडे जातो, त्या दिवसाचा काय हिशेब ठेवायचा? तोंड लिंपलं, सगळं आत कोंडलं, की दुसऱ्या सकाळपासून पहिला दिवस. भुंग्याच्या आजापासून असंच चालत आलेलं. पावसाचे दिवस, दुखण्याचे दिवस, पाहुणा किती दिवस राहिला तेसुद्धा ते असेच मोजत. सोमवारी सुरू झालं, मंगळवारी आटोपलं, म्हणजे बुधवार पहिला. सुनेलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन वर्षांत ती या घरचीच झाली होती.

बुधवारी ती खाटेवर पडून राहिली, म्हणजे पडून राहायचा तिने प्रयत्न केला. खाटेच्या सुंभाचे पीळ मोजले. छपराच्या पत्र्याला किती भोकं आहेत ते मोजलं. उठून पाणी प्यायली, परत पडली, परत उठली. भिंतीवर टांगलेली पिशवी काढून त्यातलं कार्ड पाहिलं, परत ठेवलं. खिडकीतून भट्टीचा दाट पांढरा धूर दिसत होता. आत लाकडातलं पाणी अजून सुटत होतं. सासू आत आली तेव्हा ती घर झाडत होती.

"अगं, नीज की जरा. पाठीला काटे आहेत का तुझ्या?"

"निजवत नाही."

"माझं झालं होतं तेव्हा तिसऱ्या दिवशी मी कामावर होते," सासू म्हणाली, आणि झाडू हिसकावून निघून गेली. सुनेला वाटलं, ही आपल्याला टोमणा मारून गेली.

गुरुवारी सकाळपासून वारा सुटला. वारा म्हणजे भट्टीचा वैरी. अकराच्या सुमारास सून टेकाडावर गेली, कारण फोनला तिथेच रेंज यायची. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं की उद्या उपकेंद्रात यायचं की थेट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचं.

सिस्टरने फोन उचलला. सुनेने सांगितलं.

"रक्त कधी दिसलं पहिल्यांदा?"

"भट्टी पेटवली त्या दिवशी."

"भट्टी खड्ड्यात गेली. वार सांग."

"सोमवार. दुपारी."

"किती वाजता?"

"दोन वाजले असतील."

"मग आज दुपारी दोनला तीन दिवस होतात, बाई! उद्या कुठलं? तास मोजायचे असतात, तास. रक्त दिसलं तिथपासून. माझ्याकडे ते इंजेक्शन नसतं, मोठ्या दवाखान्यात असतं. मी फोन करून ठेवते. असशील तशी नीघ." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "अगं, मी काय सांगितलं होतं तुला? पुढचं पोर पिवळंधमक जन्मतं. अंगाला सूज येते. कधी पोटातच जातं. मग माझ्याकडे येऊन रडू नकोस."

टेकाड उतरताना सून दोनदा घसरली. आपण इतकी घाई करणारी बाई, आणि जिथे घाई करायची तिथेच खाटेचे पीळ मोजत बसलो, या विचाराने तिला स्वतःचा असा राग आला की मुस्काटात मारून घ्यावी.

भट्टीशी वेगळाच गोंधळ चालला होता. वाऱ्याच्या बाजूची कूस खचली होती आणि फटीतून लालभडक दिसत होतं. भुंगा शिडीवर आडवा होऊन फावड्याने माती दाबत होता, सासू खालून घमेली देत होती. दोघांचेही डोळे धुराने सुजले होते.

"आत्ता निघायला हवं," सून ओरडली. "दुपारी दोनला वेळ संपते. आपण चुकीचे दिवस मोजले."

"चुकीचे कसे? बुधवार पहिला, आज दुसरा..."

"ते भट्टीचं झालं! माणसाचं तसं नसतं. रक्त दिसलं तिथून मोजायचं."

भुंग्याने तिच्याकडे पाहिलं, मग फटीकडे. "वारा दुपारून पडेल. तीनपर्यंत ही कूस बसवतो आणि लगेच निघू. थोड्या उशिराने काय फरक पडतोय?"

"मला माहीत नाही काय फरक पडतो. सिस्टर म्हणाली, असशील तशी नीघ."

"आत्ता दुखतंय का तुला?"

"नाही."

"मग?"

भुंगा वाईट नवरा नव्हता. पण वीस दिवसांचं लाकूड त्याच्या डोळ्यांदेखत जळत होतं, आणि सून तर दोन पायांवर धडधाकट उभी होती. न दिसणाऱ्या पोरासाठी दिसणारी भट्टी सोडायची, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. ती तिथेच मातीत बसली आणि जे सिस्टर बोलली ते जसंच्या तसं बोलून मोकळी झाली. पोर पिवळं जन्मतं. सूज येते. पोटात जातं.

सासूच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं.

"काय म्हणालीस? पिवळं?"

"हो."

"डोळ्यांतसुद्धा?"

"ते नाही विचारलं, आई."

"डोळ्यांतसुद्धा," सासू म्हणाली. आता ती विचारत नव्हती. तिने घमेलं खाली ठेवलं, डोक्याचं फडकं सोडून परत आवळून बांधलं आणि शिडीपाशी गेली. "भुंग्या, खाली उतर."

"आई, फट..."

"खाली उतर म्हणते ना! फावडं दे इकडे. गाडी काढ आणि हिला घेऊन जा."

"तू एकटी काय करणार? सगळी राख होईल."

"होऊ दे राख. माझी तीन गेली आहेत अशी. तुझ्यानंतर तीन. तुला भाऊ का नाही, बहीण का नाही, कधी विचारलंस? जा म्हणते ना!"

भुंगा उतरला. त्याने हातसुद्धा धुतले नाहीत. दहाव्या मिनिटाला दोघं मोटारसायकलवर होती.

खडीचा रस्ता होता. प्रत्येक खड्ड्याला सुनेच्या ओटीपोटात कळ यायची आणि ती नवऱ्याचा सदरा मुठीत धरायची. भुंगा आज गुणगुणत नव्हता. अर्ध्या वाटेवर रेल्वेचं फाटक बंद होतं. एक मालगाडी गेली, तरी फाटक उघडेना. मग दुसरी आली. सून खाली उतरून फाटकाशी गेली, परत आली, परत गेली. "अगं, तू गेल्याने ते उघडणार आहे का?" भुंगा म्हणाला. मग तो स्वतःच उतरला आणि तिच्या शेजारी फाटकाला धरून उभा राहिला.

मोठ्या दवाखान्यात पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. केसपेपरच्या खिडकीत माणूस जेवायला गेलेला. बाकावर ती दोघं बसली तशी शेजारची बाई सरकून बसली आणि नाकाला रुमाल लावला. कंपाउंडर आला, त्याने हुंगलं आणि खिडकी उघडली. "कुठे काय जळतंय?" त्याने विचारलं. "आम्हीच," भुंगा म्हणाला. कंपाउंडरला हसू आलं, पण त्याने कागद लगेच आत नेला. डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये होत्या. दोन वाजले. सुनेने समोरच्या घड्याळाचा काटा दोनवर जाताना पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाई तीनला बाहेर आल्या. त्यांनी सुनेला तपासलं, पोटात काही राहिलं नाही ना ते यंत्रावर पाहिलं, रक्त काढून घेतलं. मग भुंग्याकडे वळल्या.

"तुमचा रक्तगट काय?"

"माझा?" भुंग्याने मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं. "माझा कशाला?"

"तुमचाही निगेटिव्ह असता तर हिला इंजेक्शन लागलंच नसतं. एकट्या तिच्या रक्ताने काही बिघडत नाही. तुमचं वेगळं पडलं तरच बिघडतं. बोट द्या."

एवढा थोरला गडी, उघड्या हाताने निखारा उचलणारा, सुई पाहून तोंड फिरवून बसला. रक्त पॉझिटिव्ह निघालं. तो बराच वेळ त्या बोटाकडे बघत होता.

साडेतीनला सुनेच्या दंडात इंजेक्शन गेलं.

"उशीर झाला का?" तिने विचारलं.

"दीड तास झाला."

"मग उपयोग नाही होणार?"

"वेळेत आली असतीस तर मला जास्त बरं वाटलं असतं. पण उशिराही देतोच आम्ही, न देण्यापेक्षा कधीही चांगलं. तुझ्या रक्तात अजून वाईट काही बनलेलं दिसत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर मी खात्री देणार नाही, आणि तूही मनाने काही ठरवू नकोस." एवढं बोलून त्या पुढच्या बाईकडे गेल्या.

परतीच्या वाटेवर भुंगा एकदाच बोलला. "उलटं काही नाही तुझं रक्त," तो म्हणाला. वाऱ्यामुळे तिला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याला ते परत, मोठ्याने बोलावं लागलं.

घरी आले तेव्हा दिवस कलला होता. वाऱ्याकडची अर्धी भट्टी बसली होती. तिथे पांढरी राख होती आणि राखेत ओंडके अजून धुमसत होते. उरलेल्या अर्ध्या भागावर मात्र मातीचा जाड, ओला लेप होता, आणि त्यातून निळसर, पातळ धूर निघत होता. म्हातारीने जळती बाजू एकटीने तोडून बाजूला ओढली होती आणि अर्धी वाचवली होती. ती विहिरीच्या कठड्याशी पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती. पायाला फोड आले होते. भुवया जळाल्या होत्या.

"मिळालं?" तिने विचारलं.

"मिळालं," सून म्हणाली. "दीड तास उशीर झाला. सहा महिन्यांनी कळेल."

सासूने मान हलवली. भुंगा तिचे पाय पुसायला बसला तर तिने पाय ओढून घेतले. "तू आधी तिकडची माती दाब, रात्रीतून फुटेल परत." तो गेल्यावर ती सुनेकडे न बघता बोलायला लागली.

"पहिला हा. धडधाकट. मग एक मुलगी, दोन दिवस जगली. हळदीच्या रंगाची. मग मुलगा, तो एकच दिवस. तिसरं पोटातच गेलं. तुझ्या सासऱ्याची आई म्हणाली, पोटुशी असून भट्टीशी उभी राहतेस, धूर जातो पोरांच्या अंगात, दुसरं काय होणार. माझंही तसंच मत झालं. काम सोडलं असतं तर पोरं जगली असती. पण काम सोडलं नाही ना मी." तिने पायावरचा फोड बोटाने चाचपला. "तीस वर्षं मी हेच समजून चालले की ती मीच मारली."

सून सासूच्या शेजारी दगडावर बसली. पाय हलवायचं तिला आज सुचलं नाही.

पुढच्या सोमवारी सासू म्हणाली, "मला त्या सिस्टरकडे ने."

"पायाला मलम हवंय का?"

"मलम नको. बोट टोचून घ्यायचंय."

उपकेंद्रात नेहमीची रांग होती. सिस्टरने म्हातारीचं बोट पुसलं. पहिला कापूस काळा, दुसरा काळा, तिसरा काळा. या वेळी कुणी हसलं तर बघून घेऊ, म्हणून सून रांगेकडे तोंड करून उभी होती. सिस्टरने काचेच्या पट्टीवर तीन थेंब घेतले, औषध टाकलं, पट्टी उजेडात हलवून पाहिली. मग पुन्हा एकदा हलवून पाहिली.

"निगेटिव्ह," ती म्हणाली. "तुमचंही निगेटिव्ह आहे, मावशी. पण आता या वयात कशाला हवं होतं हे?"

"पोरं पिवळी जन्मली होती माझी. तीन गेली. ती धुराने गेली का?"

सिस्टरने हातातली पट्टी खाली ठेवली. तिने सुनेकडे पाहिलं, मग म्हातारीकडे.

"इतक्या वर्षांनी खात्रीने कसं सांगू? पण पिवळी होती म्हणता, आणि पहिला नीट झाला म्हणता. तर धुराने नाही, मावशी. याच्यानेच असणार."

"मी भट्टीवर उभी राहिले म्हणून नाही?"

"नाही."

"परत सांग."

"नाही, मावशी. तुम्ही काही केलं नाही."

म्हातारी बाकावर बसली आणि भर रांगेसमोर मोठमोठ्याने रडायला लागली. तीस वर्षांपूर्वी तिला रडायला कुणी सवड दिली नव्हती. रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. सून तिच्या शेजारी जाऊन बसली, तिचं टोचलेलं बोट आपल्या मुठीत धरलं, आणि रडणं आपोआप थांबेपर्यंत तिने तिला गप्प केलं नाही.